भाग ४१ : तांबीला घर देता का घर?

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. यावेळी बोलताना दोन ठिकाणी अडखळलो होतो, तेही इथे जरा नीट केलंय.

आमचं गाव पिंपरी पेंढार. ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये, कल्याण-नगर हायवेवर. गेल्या पावसाळ्यात गावाकडे आलो होतो, तेव्हा रात्री रस्त्याच्या कडेला एक कुत्री पडलेली दिसली. तांबूस रंगाची, दीडेक वर्षाची असेल. गाडीने उडवली होती. पुढचे पाय चालत होते, मागचे नाहीत. मामाच्या पिकअपमध्ये घालून पुण्याला नेली, एका शेल्टरमध्ये. नाव आजीने ठेवलं, तांबी.

तांबी वाचली. मणक्याला मार होता, मागचे पाय कायमचे गेले. चार महिन्यांनी शेल्टरमधून फोन आला की आता ती स्थिर आहे, जागा कमी आहे, तिला एखादं घर मिळतंय का बघा. मी म्हटलं बघतो, त्यात काय. त्यात काय ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. अशा कुत्र्याची लघवी आपोआप होत नाही, दिवसातून तीन-चार वेळा पोट हाताने दाबून करवून घ्यावी लागते. अंग घासून जखमा होतात, कूस बदलावी लागते, गादी कोरडी ठेवावी लागते. फोटो बघून ‘किती गोड’ म्हणणारे पन्नास जण निघाले. लघवीचं सांगितलं की फोन ठेवणारेही तेच.

तेव्हा मला प्रश्न पडला की आपल्याकडे अशा जनावराचं पूर्वी काय करायचे? आणि मी वाचत सुटलो.

सुरुवात मुंबईपासून करू. साल १८३२. कंपनी सरकारचा नियम होता की उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारायची, पिसाळण्याची भीती म्हणून. त्या वर्षी मारण्याची मुदत वाढवली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं. आठ आणे म्हटल्यावर शिपाई कशाला भटकं आणि पाळीव बघतील? लोकांच्या दारातली कुत्रीही जाऊ लागली. ६ जूनला फोर्टात पारशी मंडळींनी कुत्री मारणाऱ्या शिपायांना धरून चोपलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, इंग्रजांच्या छावणीकडे जाणारा माल अडवला. पारशांबरोबर हिंदू, जैन व्यापारीही उतरले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं.

पारशीच का? तर त्यांच्याकडे माणूस गेला की प्रेताला कुत्र्याची नजर दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. त्यातही डोळ्यांवर दोन ठिपके असलेलं, म्हणजे ‘चार डोळ्यांचं’ कुत्रं असेल तर उत्तम. असं कुत्रं आपल्याकडे दर तिसऱ्या वस्तीवर असतं. पण मला वाटतं धर्म हे एक निमित्त होतं. सरकार आमच्या दाराशी येऊन आम्हाला न विचारता हे करतं, हा राग मोठा असावा.

दंगल मिटली, पण प्रश्न उरला. मारायची नाहीत, तर ठेवायची कुठे? १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीशा यांनी पुढाकार घेऊन मुंबईत पांजरपोळ उभा केला. भुलेश्वरचा पांजरपोळ तोच. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर छोटी लाग बसवून पैसा उभा केला. आज तिथं बहुतेक गाई दिसतात, पण सुरुवातीच्या कारणांत कुत्री होती हे आपण विसरलोय.

पांजरपोळाने जागा दिली, आणि मरेपर्यंत खायला. इलाज ही पुढची पायरी. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरचा जुलूम रोखणारी संस्था निघाली आणि १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने जनावरांचं हॉस्पिटल. शेजारीच १८८६ मध्ये पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. परळचं हे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून मुंबईकरांना माहीत आहे. नावावरूनच कळतं की तेव्हा पेशंट कोण होते. बैल आणि घोडा, म्हणजे कामाचं जनावर. कुत्र्याचा नंबर नंतर.

‘मग आपल्या मराठी मुलखात कुत्र्याला किंमत नव्हती का?’ असं मला रेकॉर्डिंग करताना मित्राने विचारलं. होती ना. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्तापाशी चार असतात. पण बघा, हे सगळे धडधाकट. खंड्याने धन्याला वाघापासून वाचवल्याचं सांगतात. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची समाधी मी तरी कुठे पाहिली नाही.

आता कायद्याकडे. स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक मांडलं. नेहरूंनी सरकारच कायदा आणेल असा शब्द दिला म्हणून त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. तरी पालिका कुत्री मारतच होत्या. मुंबईत हे नव्वदच्या दशकात थांबलं. मग २००१ चे नियम, आणि त्यांच्या जागी २०२३ चे. गाभा एकच, भटकं कुत्रं पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून आणलं तिथेच सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात दिल्लीच्या कुत्र्यांवरून जो गदारोळ झाला तोही याच ‘तिथेच सोडा’वरून. ११ तारखेचा आदेश म्हणत होता सगळी शेल्टरमध्ये न्या, २२ तारखेच्या आदेशाने पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची परत तिथेच.

नियमांत दुसरी एक तरतूद आहे. बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असेल तर डॉक्टरने वेदना न होता मरण द्यायचं. म्हणजे वाटा दोन. बरं झालं तर रस्त्यावर, नाही झालं तर इंजेक्शन. तांबी या दोन्हीत बसत नाही. ती मरत नाहीये, भाकरी दिसली की पुढच्या दोन पायांवर सरपटत येते. पण तिला ‘जिथून आणलं तिथे’ सोडायचं म्हणजे काय ते आमच्या गावच्या माणसाला सांगावं लागत नाही.

कारण आमच्याकडे बिबट्या आहे. ऊस आहे म्हणून लपायला जागा आहे, आणि कुत्री आहेत म्हणून खायला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात खाल्लेल्या वजनापैकी ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळीपेक्षाही जास्त. धावणारं कुत्रं सुटत नाही, तिथे सरपटणारं एक रात्र काढेल का? गंमत अशी की जखमी, अपंग बिबट्याला आयुष्यभर सांभाळायला आमच्याच तालुक्यात माणिकडोहला निवारा केंद्र आहे. असायलाच हवं. पण त्याच तालुक्यातल्या कुत्रीला मी शंभरेक किलोमीटरवर पुण्याला नेलं.

माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये का नाही ठेवली, हे कमेंटमध्ये विचारणार आहात. खरं सांगतो, मी दहा-दहा तास ऑफिसला असतो, आणि दिवसातून चार वेळा तिला मोकळं करायला घरात कुणी नाही. मी याच कारणावरून एका मुलीला ‘तुमच्याकडे द्यायची नाही’ म्हणालो होतो, मग स्वतःला वेगळा नियम कसा लावू?

शेवटी फोन आला तो मामीचा. म्हणाली, ‘अरे, म्हशीची धार काढायला दोनदा उठतेच की. मधे दोनदा हिचं बघीन. शिकव मला.’ ती एका रविवारी शेल्टरमध्ये आली आणि तिथल्या मुलीने तिचे हात धरून पोट कुठे आणि किती दाबायचं ते दाखवलं. तिसऱ्या प्रयत्नात तिला जमलं. मला आठव्यांदाही जमलं नव्हतं.

मामाने शेळ्यांच्या गोठ्याशेजारी सहा बाय आठची जागा केलीये. खाली कोबा, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी, आणि पत्र्याखालच्या फटीतही जाळी, कारण बिबट्या वरून येतो. चाकांची गाडी पीव्हीसी पाइपची, आळेफाट्याच्या प्लंबरकडून बनवून घेतली, पहिली आखूड झाली म्हणून दुसरी. औषध आणि गाद्यांचा खर्च मी देणार, लघवीत रक्त दिसलं तर पुण्याला न्यायची जबाबदारी माझी, आणि नाहीच जमलं तर शेल्टर परत घेणार. हे तिघांनी कागदावर लिहून घेतलंय.

येत्या शनिवारी तांबीला आणायला जातोय. पिकअप तीच.