शर्यत थांबवणारी माणसे : हौशी मोटरस्पोर्टच्या क्षेत्रात येताना

आपल्याकडे मोटरस्पोर्टचा इतिहास सहसा चालकांच्या नावांनी सांगितला जातो. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरला, २०१० मध्ये करुण चंढोक. २०१९ मध्ये रॅलीचालक गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या अखेरीस मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. ही नावे अभिमानाचीच आहेत, पण या खेळाकडे नव्याने वळणाऱ्याला ती वाट दाखवत नाहीत. वाट क्लबातून जाते. देशातील सर्वोच्च संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली तीच मुळी ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’, म्हणजे क्लबांचा संघ, या नावाने. करुणचे आजोबा इंदू चंढोक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक होते. नारायणचे वडील जी. आर. कार्तिकेयन स्वतः रॅलीत गाडी चालवत. एक चालक नावारूपाला येतो, त्याच्या आधीची अख्खी पिढी कुठल्या तरी क्लबात परवाने मिळवत, बॅरिकेड लावत आणि हातात घड्याळ घेऊन उन्हात उभी राहिलेली असते.

या पिढीचा इतिहास लिहिला गेलेला नाही, हे या क्षेत्राच्या अभ्यासातले मोठे वैगुण्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या धावपट्ट्या मोकळ्या पडल्या आणि मोटारवेड्यांनी त्या मागून घेतल्या. मद्रासजवळचे शोलावरम, कलकत्त्याजवळचे बराकपूर, मुंबईचे जुहू अशी ही ठिकाणे. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास क्लबने शोलावरमला वर्षानुवर्षे शर्यती भरवल्या आणि शेवटी मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईला शर्यतीची स्वतःची धावपट्टी बांधली. १९९० मध्ये खुली झालेली ही देशातील पहिली कायमस्वरूपी धावपट्टी. सरकारने नाही, कुठल्या कारखान्यानेही नाही, हौशी माणसांच्या एका क्लबने ती उभी केली. मुंबईची परंपरा वेगळ्या अंगाने गेली. १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मुळात वाहनधारकांची संघटना. हिमालयन रॅलीला १९८० मध्ये सुरुवात करणारे नझीर हुसेन हेही मुंबईचेच. मद्रासला सर्किट रुजले, मुंबई-पुण्याच्या बाजूला रॅली. हा फरक आजही टिकून आहे आणि क्लब निवडताना तो ध्यानात ठेवावा लागतो.

महाराष्ट्रातल्या नवशिक्याने सर्किटची स्वप्ने पाहू नयेत असे नाही. पण राष्ट्रीय पातळीवरच्या सर्किट शर्यती प्रामुख्याने चेन्नई आणि कोइम्बतूरला होतात, हे वास्तव प्रवासखर्चासकट मान्य करावे लागते. घराजवळ काय आहे? कोल्हापूरला मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे. नाशिकने ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’च्या निमित्ताने राष्ट्रीय रॅली पाहिली आहे. पुण्यात मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचे, म्हणजे मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसचे, वेड जुने आहे. गोव्यात २०१४ मध्ये ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ची भारतीय आवृत्ती सुरू झाली. भर पावसात, चिखलात रुतलेल्या जीप विंचने ओढून काढण्याचा हा खेळ वेगाचा नाहीच. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून ‘बाहा एसएई इंडिया’ आहे. तिथे गाडी चालवण्याआधी ती बांधावी लागते, आणि माझ्या मते या खेळाचे इतके चांगले शिक्षण दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर माझे उत्तर ठाम आहे : टीएसडी रॅलीपासून. टाइम, स्पीड, डिस्टन्स ही तिची तीन अंगे. नेहमीची गाडी, नेहमीचा रस्ता, वाहतुकीचे सगळे नियम लागू. हातात रोडबुक मिळते. त्यात प्रत्येक वळणाचे छोटेसे रेखाचित्र असते, ज्याला रॅलीवाले ट्युलिप म्हणतात, आणि प्रत्येक टप्प्याचा ठरवून दिलेला सरासरी वेग असतो. त्या वेगाने नेमक्या सेकंदाला ठिकाणावर पोहोचायचे. वाटेत टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवणारी चौकी, कुठे आहे हे सांगितलेले नसते. उशीर झाला की दंडाचे गुण आणि लवकर पोहोचलात तरी दंडाचे गुण. बहुतेक ठिकाणी लवकर येण्याचा दंड अधिक जड असतो. वेगाच्या आशेने आलेल्या माणसाची इथे पहिली गंमत होते, कारण जोरात गाडी चालवणारा तळाला जातो.

खरा कस नॅव्हिगेटरचा लागतो. ताशी ३२ किलोमीटर सरासरीने ८.४ किलोमीटर जायला १५ मिनिटे ४५ सेकंद लागतात, हे गणित शाळेतले. पण गाडीचा ओडोमीटर शेकडा दोन चूक दाखवत असेल तर याच अंतरात १६८ मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ १९ सेकंदांचा. म्हणून जाणकार जोडी आपल्या ओडोमीटरचे आकडे आयोजकांच्या मोजमापाशी आधी जुळवून घेते, गुणक काढते आणि मगच रोडबुकला हात घालते. टायरमधली हवा बदलली की गुणकही किंचित बदलतो. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने मुंबईहून अॅम्बी व्हॅलीपर्यंत भरवलेली महिलांची रॅली याच पद्धतीची होती. घरखर्चाचा हिशेब पैशापर्यंत जुळवणाऱ्या बायकांना हा खेळ चटकन उमगतो, असे एक निरीक्षण जाता जाता नोंदवतो. पुरुष नॅव्हिगेटरांनी रागावू नये.

आता मुख्य मुद्दा. क्लब कसा पारखायचा? नवशिका सहसा क्लबाच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाहतो, सोशल मीडियावरचे फोटो पाहतो, वर्गणी विचारतो. मी एकच प्रश्न विचारायला सांगेन : तुम्ही शेवटची शर्यत कधी आणि का थांबवली होती? ज्या क्लबाकडे याचे उत्तर आहे, तो क्लब खेळ जाणतो. ॲम्ब्युलन्स जखमीला घेऊन रुग्णालयात गेली की दुसरी येईपर्यंत ट्रॅक बंद, हा नियम पाळणे महागात पडते. प्रायोजक घड्याळ पाहतो, प्रेक्षक ओरडतात, स्पर्धक कुरकुरतात. त्या वेळी ‘क्लार्क ऑफ द कोर्स’, म्हणजे स्पर्धेची सारी सूत्रे हाती असलेला अधिकारी, लाल झेंडा दाखवायला सांगतो की नाही, यावर क्लबाची सारी प्रतिष्ठा उभी असते. ‘आमच्याकडे कधी काही झालेच नाही’ असे हसून सांगणाऱ्यांपासून लांब राहावे.

हे कठोर वाटेल, पण त्यामागे माणसांचे जीव आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि स्पर्धेतल्या गाडीखाली एकाच कुटुंबातले तिघे गेले. २०२३ मध्ये चेन्नईच्या धावपट्टीवर एकाच वर्षात दोन स्पर्धकांचा मृत्यू झाला. त्यातला एक अवघा तेरा वर्षांचा मुलगा होता. टीएसडीची नव्हे, वेगाची रॅली असेल तर तिच्या स्टेजवर, म्हणजे स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्यावर, प्रत्येक पायवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे माणूस उभा करावा लागतो. आपल्या गावखेड्यांत अशा वाटा किती असतात हे वेगळे सांगायला नको. तेवढे मार्शल, त्यांना दिलेले वायरलेस, गावात आधी जाऊन केलेली दवंडी, यांवरून क्लबाची लायकी कळते.

कागदपत्रांकडेही तितक्याच बारकाईने पाहावे. स्पर्धेला फेडरेशनचे परमिट आहे का, त्या स्पर्धेपुरती नियमावली आधी छापून हाती मिळते का, स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, गाडी आणि हेल्मेट खरोखर तपासतात की नुसते स्टिकर चिकटवतात? रस्त्यावर चालणारे आयएसआय हेल्मेट सर्किटवरच्या मोटारशर्यतीला चालत नाही, हे ज्या क्लबाला नवख्याला सांगावेसे वाटत नाही, त्याला नवख्याची वर्गणी तेवढी हवी आहे. फेडरेशनचे स्पर्धा-लायसन्स दरवर्षी काढावे लागते आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते. ही कटकट टाळून देतो म्हणणारा मध्यस्थ भेटला तर नमस्कार करून निघावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मिसळ खायला पहाटे लोणावळ्याला निघालेला ग्रुप घाटात एकमेकांची वेळ मोजू लागला की तो या कलमाखाली आला. त्याला कोणी क्लब म्हणो, मी म्हणणार नाही. विम्याचे तर अनेकांना भानच नसते. खासगी गाडीच्या सर्वसाधारण पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे उपयोग वगळलेले असतात, त्यामुळे निरुपद्रवी वाटणाऱ्या रॅलीलाही विमा कंपनीकडून वेगळी पुरवणी घेण्याची गरज पडू शकते. गंमत अशी की ज्या जुन्या मोटर दरपत्रकातून ही कलमे आली, त्यातच मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५ टक्के, पण कमाल २०० रुपये, सवलतही होती.

पैशाविषयी फार लिहीत नाही, कारण आकडे वर्षभरात शिळे होतात. भाड्याच्या कार्टपासून सुरुवात करावी, स्वतःची गाडी लगेच ‘बनवायला’ घेऊ नये, आणि क्लबातला कोणी पहिल्याच महिन्यात तुम्हाला सस्पेन्शन विकू पाहत असेल तर त्याच्या दुकानाचा पत्ता लिहून घ्यावा, सल्ला नको.

परदेशी असलेल्या मराठी वाचकांची वाट थोडी सोपी आहे. अमेरिकेत १९४४ मध्ये स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लबाच्या शाखा ठिकठिकाणी मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून ऑटोक्रॉस भरवतात आणि त्यात रोजच्या वापरातली गाडी चालते. ब्रिटनमध्ये १९३९ पासूनचा ७५० मोटर क्लब आहे. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन जुन्या ऑस्टिन सेव्हनवर स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन याच वर्तुळातून पुढे आला. अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसमध्ये स्पर्धकांनाच आळीपाळीने कामाला उभे करण्याची रीत आहे. आपली फेरी झाली की पडलेले शंकू उचलायला जावेच लागते.

ही रीत आपल्या क्लबांनी मनापासून उचलावी असे मला वाटते. पण त्यासाठी क्लबाच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. वाचकाने ज्या क्लबात जायचे मनात धरले आहे, त्याच्या पुढच्या स्पर्धेला प्रवेशअर्ज न भरता मार्शल म्हणून नाव द्यावे. हात कमी पडत नाहीत असा क्लब विरळा. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक करायचे नाही. लाल म्हणजे सगळ्यांनी थांबायचे. एवढे शिकून दिवसभर एका वळणावर उभे राहिले की कोण नियमाने चालवतो, अधिकारी स्पर्धकाशी कसे बोलतात, तक्रार आल्यावर कागद पुढे येतो की ओळख, हे सगळे दिसते. क्लब पसंत पडला तर वर्गणी त्यानंतर भरा. टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन, पायात बूट घालून जा. चप्पल चालणार नाही.