कुर्ल्याची फियाट आणि तिचे राखणदार

१८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत एक तरुण इंजिनियर रुजू झाला आणि लवकरच त्याची रवानगी खानदेशांत झाली. धुळ्याकडील दातर्ती येथें पांझरेच्या पात्रांतून पाण्याचा नळ पलीकडे नेण्याचें अवघड काम त्यानें तडीस नेलें. आजच्या नंदुरबार जिल्ह्यांतील कोरीट हें गांव त्या वेळीं याच खानदेशांत मोडत असे. या तरुणाचें नांव मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. पुढें म्हैसूरचे दिवाण म्हणून ते जगाला ठाऊक झाले. परंतु मोटारींच्या इतिहासांत त्यांचें नांव निघतें तें निराळ्या कारणानें. १९३० नंतरच्या वर्षांत, उतारवयांत, मुंबईस मोटारी बनविण्याचा संपूर्ण देशी कारखाना काढावा अशी योजना त्यांनीं आंखली. तत्कालीन हिंदुस्थान सरकारनें तिला आधार दिला नाहीं. पण योजना मेली नाहीं. आज एखादा हौशी गृहस्थ सुटीच्या दिवशीं आपल्या जुन्या फियाटचें इंजिन खोलून बसतो, तेव्हां त्याच्या हातीं लागणाऱ्या लोखंडी ठोकळ्याची वंशावळ त्या योजनेपर्यंत मागें नेतां येते.

योजना उचलली ती सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं. आगबोटी, विमानें आणि मोटारी या तिन्ही गोष्टी स्वदेशांत झाल्या पाहिजेत, असा या पुरुषाचा हट्ट होता. १९१९ मध्यें त्यांनीं सिंदिया कंपनी उभारण्यांत पुढाकार घेतला, १९४० मध्यें बंगलोरास विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ मध्यें मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली. १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. अर्थात् हें काम आरंभीं जोडणीचेंच होतें. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे सुटे भाग पेट्यांतून यावेत आणि येथें जुळावेत, एवढेंच. जोडणीचें काम मुंबईस नवें नव्हतें. शिवडीस जनरल मोटर्सनें तें १९२८ पासूनच चालविलें होतें. जोडणें निराळें आणि घडविणें निराळें, हा भेद स्वातंत्र्यानंतर सरकारनें मनावर घेतला आणि जे येथें घडविणार नाहींत त्यांनीं जावें, असें धोरण १९५३ च्या सुमारास ठरलें. परदेशी जोडणीवाले गेले. कुर्ला राहिलें. त्याच वर्षीं वालचंदशेठ निवर्तले. आपल्या कारखान्याची जी गाडी घरोघर माहीत व्हावयाची होती, ती त्यांना पाहावयास मिळाली नाहीं.

ती गाडी म्हणजे इटलीच्या फियाट कंपनीची 'इलेव्हन हंड्रेड'. दान्ते जाकोसा या इंजिनियरानें रचलेली ही गाडी १९५३ च्या मार्चमध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरांची पिस्टनची धांव, म्हणजे एकूण १०८९ घनसेंटिमीटर, इंजिन एवढेंच. चार दरवाजे, चार-पांच माणसांची जागा, मागें सामानाची डिकी. गृहस्थाची गाडी, असेंच कोणीहि म्हणावें. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसच्या प्रदर्शनांत तिची एक थोरली बहीण दाखल झाली. तिचें नांव 'टुरिस्मो व्हेलोचे', म्हणजे वेगवान प्रवासगाडी. इंजिन तेवढ्याच मापाचें, पण साध्या गाडीचें बळ सुमारें ३६ अश्वशक्ति तर हिचें ५० च्या घरांत. समोरच्या जाळींत मधोमध तिसरा दिवा, आणि वेग ताशीं १३० किलोमीटरांच्या पुढें. ब्रेशियापासून रोमपर्यंत जाऊन परत येणारी 'मिल्ले मिल्या' ही हजार मैलांची शर्यत १९५७ पर्यंत उघड्या रस्त्यांवर होत असे. तींत या जातीच्या गाड्या उतरत. दिसावयास संसारी आणि स्वभावानें शर्यतबाज, अशा गाड्यांच्या कुळांतलीच ही. हिंदुस्थानांतहि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धांवपट्टीवर फियाट गाड्या शर्यतींत धांवल्या. तेव्हां आपल्या वडिलांची फियाट ही मुळांत शर्यतीच्या घराण्यांतली होती असें एखादा मुलगा सांगूं लागला, तर त्याला हंसूं नये.

१९५१ मध्यें फियाटची लहानगी 'फाइव्ह हंड्रेड' आणि १९५४ मध्यें ही 'इलेव्हन हंड्रेड' कुर्ल्यास होऊं लागली. १९६४ मध्यें तिची सुधारलेली आवृत्ति 'डिलाइट' या नांवानें आली आणि १९७४ पासून तीच चितोडच्या राणीचें नांव घेऊन 'प्रीमियर पद्मिनी' झाली. यांत एक विलक्षण गोष्ट घडली. खुद्द इटलींत हें मॉडेल १९६९ मध्यें बंद पडलें. कुर्ल्यास मात्र तें विसावें शतक संपत आलें तरी निघतच होतें. आईचें घर मोडल्यावर लेकीनें सासरीं तीस वर्षें तोच संसार चालवावा, तसें हें झालें.

याचें कारण प्रेम नव्हे, टंचाई होय. देशांत मोटारी बनविणारे मुख्य कारखाने तीन: कुर्ल्याची प्रीमियर, कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. परदेशी गाडी आणण्यास जवळजवळ बंदीच. नवी गाडी नोंदवावी आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, ही तेव्हांची रीत. गाडी हातीं आली की ती टाकण्याची सोय नसे. ती टिकवावीच लागे. त्यामुळें दुरुस्तीची एक विद्या या देशांत तयार झाली, आणि ती पुस्तकांतून नव्हे, गॅरेजांतल्या पोरांच्या हातांतून चालत आली. सिलिंडर झिजला तर लेथवर बोअर वाढवून मोठा पिस्टन घालावा. तोहि वाढवून संपला तर आंत स्लीव्ह बसवावी आणि पुन्हां पहिल्या मापावर यावें. पाटे दबले तर ते उतरवून ठोकून आणावेत. जी गोष्ट युरोपांत श्रीमंतांचा छंद म्हणून होते, ती येथें गरज म्हणून रोज होत होती. जुनी फियाट नव्यानें उभी करण्याचा आजचा छंद या गरजेच्या काळाच्या पुण्याईवर चालला आहे, हें या इतिहासाचें मुख्य सूत्र समजावें.

आतां हें उभें करणें म्हणजे काय, तें थोडें विस्तारानें पाहूं. या गाडीला निराळा सांगाडा नाहीं. जुन्या ट्रकसारखी खाली लोखंडी चौकट आणि वर टपरें, असा प्रकार नसून पत्र्याची पेटी हाच तिचा कणा आहे. म्हणून रंग उडाला, खरचटलें, याची चिंता हौशी माणसानें उगाच करूं नये. चिंता करावी ती दरवाजांच्या खालच्या पट्ट्यांची आणि पायांखालच्या पत्र्याची. पाणी तेथें मुरतें. वरून लांबी भरून रंग मारलेली गाडी देखणी दिसते आणि आंतून पोकळ असते. पेचकसाच्या मुठीनें ठोकून पाहावें. आवाज बद्द आला तर तेथें लांबी आहे. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडण्यापूर्वीं दरवाजे जागच्या जागीं बंद होतात कीं नाहीं हें पाहून घेणें अत्यंत आवश्यक. नाहीं तर कणा वांकडा जुळतो आणि मग दरवाजा कधींच नीट लागत नाहीं. पैशाचा मोठा भाग येथेंच जातो. इंजिनाचा बाऊ पुष्कळ होतो, खर्च मात्र पत्र्याचा.

इंजिनाची मेख दुसरीकडे आहे. खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचें हेड अल्युमिनियमचें, असा त्यांचा जोड असतो. दोन्ही धातु तापल्यावर सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत. गाडी एकदां फार तापली कीं हेडाला बांक येतो, गॅस्केट फुटतें आणि पाणी तेलांत उतरतें. ताप्तीकांठच्या उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो तेव्हां याचा प्रत्यय लवकर येतो. त्यांतून रेडिएटरांत विहिरीचें जड पाणी घातलें तर आंत क्षार बसून नळ्या बुजतात. पावसाचें किंवा बॅटरीसाठीं मिळणारें शुद्ध पाणी घालावें. खर्च कांहीं मोठा नाहीं. उन्हाळ्यांतली दुसरी खोड सर्व जुन्या चालकांस ठाऊक आहे. पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून असल्यामुळें उष्णतेनें आंतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप नुसताच हलत राहतो आणि गाडी भर रस्त्यांत थांबते. मग पंपावर ओलें फडकें टाकून सावलींत बसून राहावें. हा उपाय कोण्या पोथींत नाहीं, पण साऱ्या देशांत तोच होता.

अलीकडे या खोडीला नवी जोड मिळाली आहे. पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल देशानें २०२५ मध्यें गांठली. उसापासून होणारा हा मद्यार्क जुन्या रबराला मानवत नाहीं. पंपाचा पडदा फुगतो, नळ्या मऊ पडतात. शिवाय मद्यार्क हवेंतलें पाणी ओढून घेतो आणि टाकीला आंतून गंज चढतो. शहाद्याच्या बाजूस, ताप्तीकांठीं, ऊस पुष्कळ पिकतो. तेथल्या शेतकऱ्याला इथेनॉल लाभाचें आणि त्याच्याच गोठ्याशेजारीं उभ्या असलेल्या जुन्या फियाटला तें बाधक, अशी ही गंमत आहे. उपाय साधा: नळ्या व पडदा नव्या जातीच्या रबराचे घालावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

कोरीटसारख्या खेड्यांत अशी गाडी बाळगावयाची झाली तर आणखी एक पथ्य सांगावें लागेल. गाडी जपावयाची म्हणून ती ताडपत्रीखालीं झांकून ठेवूं नये. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षां लवकर मरते. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, बॅटरी बसते, उंदीर वायरी कुरतडतात. जागेवर पांच मिनिटें इंजिन फिरविण्यानें कांहीं साधत नाहीं; आठवड्यांतून एकदां ती पुरी तापेपर्यंत रस्त्यावर चालविली पाहिजे. ट्रॅक्टरची दुरुस्ती करणाऱ्याला या गाडींत अनोळखी असें थोडेंच सांपडेल. डायनामो, प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, सारें डोळ्यांना दिसतें आणि हाताला येतें.

अडचण आहे ती सुट्या भागांची. आणि येथें मुंबईच्या टॅक्सीची कथा सुरू होते. काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची पद्मिनी ही त्या शहराची जणू निशाणीच झाली होती. १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हातीं पडल्यावर खासगी गिऱ्हाईक हळूहळू फियाटपासून दूर गेलें, टॅक्सीवाला राहिला. हौशी माणसाला दहा वर्षांत एक क्लचप्लेट लागते, टॅक्सीवाल्याला ती वरचेवर लागते. त्याच्या गरजेवर क्लचप्लेटा, ब्रेकशू, गॅस्केटें करणारे छोटे कारखाने जगले, आणि चोरबाजारांतल्या व कुर्ल्यांतल्या भंगारवाल्यांकडे दरवाजे, दिव्यांच्या कड्या, सुकाणूखालची गिअरची दांडी यांची रास कायम राहिली. छंदी लोकांनीं ही रास आपल्यासाठीं आहे असें मानलें. ती त्यांच्यासाठीं नव्हतीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. मुंबईंत टॅक्सीचें आयुष्य वीस वर्षांचें ठरलेलें असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती जातच रस्त्यावरून उठली. वर्तमानपत्रांनीं त्या दिवशीं हळहळ व्यक्त केली ती शहराच्या आठवणींसाठीं. ज्यांच्या घरीं फियाट आहे त्यांनीं हळहळावयाचें कारण अधिक रोकडें होतें: ज्या गिऱ्हाइकामुळें भाग बनत होते तें गिऱ्हाईकच गेलें.

भाग मिळेनासे झाले कीं मोह सुरू होतो. १९८५ मध्यें याच कंपनीनें '११८ एन्‌ई' नांवाची गाडी काढली होती. तिची पेटी इटलीच्या 'फियाट १२४' ची आणि इंजिन जपानच्या निसानचें, ११७१ घनसेंटिमीटरांचें. जुनें इंजिन काढावें आणि तें जपानी, किंवा त्याहूनहि नवें, पद्मिनींत बसवावें, असें पुष्कळांना वाटतें. गाडी पळूं लागते हें खरें. परंतु मग हातांत उरतें तें फियाटचें कवच. याच्या उलट टोकाला असणारे शुद्धतावादी एकेक खिळा तुरीनच्या नमुन्याबरहुकूम असावा म्हणतात. त्यांचेंहि कांहीं पटत नाहीं. कुर्ल्याची गाडी तुरीनची कधींच नव्हती. तिच्या अंगावर लेथची, गॅस वेल्डिंगची, चार वेळां वाढविलेल्या बोअरची जी खूण आहे, तोच तिचा जन्मलेख आहे. ठोकळा मूळचा राहावा, आणि जुनी चांगली दुरुस्ती पुसून टाकूं नये. एवढा मध्यम मार्ग पुरे.

सरकारी नियमांचा कल मात्र शुद्धतेकडे आहे. १५ जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरविली. पेटींत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, नूतनीकरणास ५,००० रुपये, आणि क्रमांकांत राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' हीं अक्षरें. डिलाइट नांवाच्या गाड्या यांत आधींच बसत होत्या. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनीं २०२४ मध्यें ती मर्यादा ओलांडली. जपानी इंजिन घातलेल्यांना येथें अडचण पडणार, आणि स्लीव्ह घातलेल्या जुन्या ठोकळ्याला मोठा फेरफार म्हणावें कीं साधी दुरुस्ती, हा वादहि निघूं शकेल. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामाला काढतां येत नाहीं. प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या फेरीस किंवा तांत्रिक संशोधनासाठीं ती रस्त्यावर आणावी, असा नियम आहे. दुरुस्तीला नेण्याची आणि पेट्रोल भरून आणण्याचीहि मुभा आहे.