दादा, गाडी कधी पडलीय का?

वारज्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं मला हा प्रश्न विचारला. माझी २०११ची पल्सर २२० मी विकायला काढली होती. रनिंग किती, अ‍ॅव्हरेज किती देते, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे, तुम्ही कितवे मालक, हे सगळं त्याचं पटापट विचारून झालं होतं. हा प्रश्न शेवटचा होता. उत्तर मला माहीत होतं. ते द्यायचं की नाही, एवढंच ठरत नव्हतं.

२०१६मध्ये इंजिनिअरिंगला असताना हीच गाडी घेताना मीही हाच प्रश्न विचारला होता. ‘नाही रे, एकदम घरची गाडी आहे,’ असं उत्तर मिळालं. गाडी चकचकीत होती, सेल्फ मारला की लगेच सुरू होत होती, मी खूश होतो. पुढे दीड वर्षानं शॉकअपमधून ऑइल गळायला लागलं म्हणून मेकॅनिककाकांनी ते उघडले. एक पाइप कधीतरी वाकून पुन्हा सरळ केलेला निघाला. माझ्या आधीच्या मालकानं ती समोरून कुठेतरी आदळवली होती. म्हणजे दीड वर्ष मी ताशी शंभरच्या वेगानं ताम्हिणीला जाऊन येत होतो ते त्या पाइपच्या भरवशावर.

जुनी स्पोर्ट्स बाइक पुढे किती वर्षं टिकेल हे कसं ओळखायचं, याच्या याद्या ढिगानं मिळतात. चेन बघा, धूर बघा, टायर बघा. त्या चुकीच्या नाहीत. पण ‘टिकणं’ म्हणजे काय, याचा अर्थ आपल्याकडे गेल्या पन्नास-साठ वर्षांत पार बदलला आहे, आणि तो बदल पुण्यात बसून फार जवळून बघता येतो.

जुनी गाडी नव्याहून महाग

तुमच्या आजोबांना विचारा. त्यांच्या काळात जुनी स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग असायची. बजाजनं साठच्या दशकात पियाजिओच्या परवान्यावर आकुर्डीत व्हेस्पा बनवली, परवाना संपल्यावर १९७२मध्ये स्वतःच्या नावानं चेतक आणली. पण किती गाड्या बनवायच्या हे कंपनी नाही, सरकार ठरवायचं. मागणी प्रचंड आणि उत्पादनाला मर्यादा, त्यामुळे बुकिंग केल्यावर नंबर लागायला कित्येक वर्षं जायची. ज्याला आज स्कूटर हवी, तो वापरलेल्या गाडीला कोऱ्या गाडीच्या किमतीहून जास्त पैसे मोजायचा.

अशा बाजारात ‘टिकेल का?’ हा प्रश्न कोण विचारणार? प्रश्न ‘मिळेल का?’ एवढाच होता. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन इतकं साधं की सुरू झालं नाही तर स्कूटर एका बाजूला आडवी करायची, पुन्हा किक मारायची. नाक्यानाक्यावर मेकॅनिक, नाना पेठेत स्पेअर पार्ट, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात त्याहून स्वस्त पार्ट. गाडी टिकायची, कारण तिला टिकवणारं शहर तिच्याभोवती होतं.

१९८४ ते ८६ या काळात जपानी कंपन्यांशी करार होऊन शंभर सीसीच्या मोटरसायकली आल्या. त्यातली एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, जेमतेम अकरा हॉर्सपॉवर. पण वजन इतकं कमी की ती उडायची. १९९६मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आज तिच्या चांगल्या राखलेल्या गाडीला नव्या गाडीएवढे पैसे मागतात आणि लोक देतातही. इंजिन थकलं तर बोअर करायचा, पिस्टन बदलायचा, की गाडी पुन्हा धावायला तयार. कॅमशाफ्ट नाही, बिघडायला फारसं काही नाहीच.

कार्बोरेटरकडे परतलेली गाडी

नोव्हेंबर २००१मध्ये पल्सर आली, १५० आणि १८० सीसी. स्कूटरवाली कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बजाजला तिनं मोटरसायकलवाली कंपनी केलं. २००३मध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेलं डीटीएस-आय इंजिन आलं. आणि २००७मध्ये पल्सर २२०, फ्युएल इंजेक्शनसह. त्या काळात भारतीय बाइकसाठी ही फार पुढची गोष्ट होती.

पण २००९मध्ये बजाजनं २२०चं इंजेक्शन काढून पुन्हा कार्बोरेटर बसवला. किंमत खाली आली, ताकद उलट थोडी वाढली, आणि गाडी तुफान खपली. स्पेसिफिकेशनच्या कागदावर बघितलं तर हे मागे जाणं आहे. पण पंधरा वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे माझ्यासमोर उभ्या असलेल्या त्या मुलाच्या नजरेनं बघा. कार्बोरेटर उघडून साफ करणारा माणूस वारज्यातल्या कुठल्याही गल्लीत सापडतो. २००७च्या इंजेक्शनवाल्या गाडीचा सेन्सर किंवा पंप आज गेला, तर शोधत फिरावं लागतं. २०२०मध्ये बीएस-सहा नियमांसाठी २२०ला पुन्हा इंजेक्शन आलं, २०२२मध्ये ती बंद झाली आणि २०२३मध्ये परतली. एवढी वर्षं जवळपास तीच गाडी बनत राहिल्यामुळे तिचे पार्ट आजही मिळतात. गाडीच्या म्हातारपणाची ही खरी पेन्शन.

मधल्या काळात स्पोर्ट्स बाइक म्हणजे काय, हेही बदललं. २००८मध्ये यामाहा आर१५ लिक्विड कूलिंग आणि सहा गिअर घेऊन आली. बजाजनं ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि २०१२पासून चाकणला बनलेली ड्यूक २०० रस्त्यावर दिसू लागली. पुढच्या वर्षी ३९०, ३७३ सीसी आणि चाळिसावर हॉर्सपॉवर. आरएक्सच्या चौपट ताकद! पण त्यासोबत रेडिएटर, फॅन, कूलंट, वॉटर पंप, ईसीयू. म्हणजे म्हातारपणी दुखू शकणारे अवयवही तेवढेच वाढले. म्हणून जुनी स्पोर्ट्स बाइक बघताना पहिला प्रश्न इंजिनाचा नाही. हे मॉडेल किती वर्षं बनलं, अजून बनतंय का, आणि याचं काम करणारा माणूस तुमच्या घरापासून किती लांब आहे, हे आधी विचारा.

मॉडेल वेगळं, गाडी वेगळी

वारज्यापासून जवळच, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, १९६६पासून. तिथे वाहनांच्या चाचण्या होतात, प्रमाणपत्रं मिळतात. पण तिथे तपासलं जातं ते मॉडेल. तुमच्यासमोर उभी असलेली ही एकच गाडी कुठे कुठे गेली, कोणी कशी दामटली, हे कुणी तपासत नाही. ते तुम्हालाच वाचावं लागतं, आणि विकणारा काय सांगतो त्यापेक्षा लोखंड काय सांगतं यावर जास्त विश्वास ठेवावा लागतो.

किलोमीटरच्या आकड्याचंच बघा. तो मागे फिरवता येतो, पण खरा असला तरी अर्धंच सांगतो. वारज्याहून हिंजवडी पंधरा-वीस किलोमीटर. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये पाडला, त्याआधी आणि नंतरही काही काळ तिथून रोज गेलेल्यांना विचारा. मीटरवर वीस किलोमीटर पडायचे, इंजिन मात्र तास-सव्वा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत राहायचं. क्लच आणि फॅन यांना अंतर कळत नाही, त्यांना वेळ कळतो. हायवेवर चाळीस हजार चाललेली गाडी ट्रॅफिकमधल्या वीस हजारांपेक्षा धडधाकट असू शकते.

मग आकडा पडताळायचा कसा? टायरच्या कडेला चार अंकी शिक्का असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१९ची, रनिंग आठ हजार सांगतात, आणि टायर २०२३चा? मग आधीचे टायर कुठे झिजले? ब्रेकच्या डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती मोजा. मागच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकलेत का बघा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर का, ते विचारा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. लिक्विड कूल्ड गाडीत ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट आत शिरलंय, तिथून परत फिरा.

आणि पडली होती का, हे विचारू नका, बघा. लिव्हरची टोकं आणि इंजिनाचं कव्हर नवं बसवता येतं. पण हँडल पूर्ण वळवल्यावर ते फ्रेमवरच्या ज्या लोखंडी स्टॉपरला टेकतं, तो सहसा कुणी बदलत नाही. तो चेपलेला असेल तर गाडी जोरात आदळली आहे. माझ्या गाडीचा चेपलेलाच होता. २०१६मध्ये तिथे बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

कागदही बोलतात. २९ मार्च २०१७ला सुप्रीम कोर्टानं १ एप्रिलपासून बीएस-तीन वाहनं विकायला बंदी घातली आणि शिल्लक दुचाकी दोन दिवसांत मोठ्या सवलतीत खपवल्या गेल्या. त्यामुळे मार्च २०१७ची नोंदणी दिसली की बनण्याचा महिना वेगळा तपासा. पंधरा वर्षं संपत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर किमतीत धरा. लोन फिटल्याची नोंद आहे का बघा. आणि फॉर्म २९, ३० भरून गाडी लगेच नावावर करा. नाहीतर तुम्ही केलेल्या अपघातासाठी कोर्टात जुना मालक उभा राहतो.

पार्किंगमध्ये

तर तो मुलगा उत्तराची वाट बघत होता. मी किल्ली लावली, हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि मोबाइलचा टॉर्च स्टॉपरवर मारला. ‘माझ्या आधी आदळली होती. २०१८मध्ये दोन्ही पाइप नवे टाकलेत, हे बिल. अलाइनमेंट तपासून घेतलंय, पण तू तुझ्या मेकॅनिकला दाखव.’

तो बराच वेळ स्टॉपर बघत बसला. मग म्हणाला, ‘बाकीच्यांनी कुणीच नाही सांगितलं.’

दुसऱ्या दिवशी तो मामाला घेऊन आला. मामांनी गाडी महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर नेली, हात सैल सोडून एका बाजूला ओढते का बघितलं, आणि परत येऊन भावात साडेतीन हजार कमी करायला लावले. मी केले. गाडी त्याच्या नावावर झाली त्या दिवशी बिलांच्या फाइलमध्ये मी एक पान जास्त लावलं. कधी काय बदललं, कुठे काय बघायचं, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: समोरून आदळलेली आहे. पुढे तो विकेल तेव्हा ते पान काढून टाकेल की ठेवेल, हे त्याच्यावर आहे.