काच आणि गटार : एका जोडधंद्याची गोष्ट

मे महिना सरत आला की अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर आगोटीची धांदल सुरू होते. कौले परतायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, जळण आत घ्यायचे, सुकी मासळी भरून ठेवायची आणि घराभोवतीचे पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या, ही कामे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, आणि मुंबईकरांचे बंगले या किनाऱ्यावर आणखी वाढले. या बंगल्यांना भिंतीपेक्षा काच जास्त असते. त्यामुळे काचा पुसून देणे हा इथे एक स्वतंत्र धंदा झाला आहे. अशा धंद्याच्या पाटीवर पुढे कधीतरी दुसरी ओळ येते : ‘तुंबलेली गटारे व सेप्टिक टँक साफ करून मिळतील.’

वरवर पाहता ही साधी धंदेवाढ आहे. पण या दोन ओळींना दोन अगदी वेगळे इतिहास आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर रसायनशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा या तिन्ही विषयांचे धडे एकाच पाटीवर सापडतात.

काच घरात आली तेव्हा

आपल्या किनाऱ्यावर खिडकीला काच लावण्याची पद्धत फार जुनी नाही. १६७०च्या दशकात मुंबईत आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने तेथील खिडक्यांत काचेऐवजी चौकोनी कापून घासलेल्या शिंपांच्या चकत्या बसवलेल्या पाहिल्या होत्या. या शिंपांतून उजेड येतो, पण आरपार दिसत नाही. गोव्यातील जुन्या घरांत अशा खिडक्या आजही पाहायला मिळतात. बाकीच्या घरांत लाकडी झडपा किंवा गज असत. मोठी, सपाट आणि स्वस्त काच मिळू लागली ती विसाव्या शतकात. वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगत ठेवून तक्ते बनवण्याची ‘फ्लोट’ पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. पुढे नव्वदच्या दशकात रायगड जिल्ह्यातच, तळोजा येथे, अशी काच बनू लागली.

समुद्राकाठी काच लवकर का मळते? लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यातील पाणी उडून जाते आणि मिठाचे कण काचेवर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून विरघळू लागते. कोकणातल्या स्वयंपाकघरातले मीठ पावसाळ्यात का पाझरते, त्याचे उत्तर हेच. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओले होते. या चिकट थरावर धूळ बसते. काच दीर्घकाळ ओली राहिली तर तिच्यातील सोडियम हळूहळू बाहेर पडतो आणि काचेवर कायमचा धुरकटपणा येतो. म्हणून काच वेळच्या वेळी आणि गोड्या पाण्याने धुवावी लागते. विहिरीचे पाणी जड असेल तर तेही चुन्याचे पांढरे डाग सोडते.

या कामाची हत्यारे साधी आहेत : बादली, शिडी, फडके आणि रबरी पट्टीचे हत्यार. पितळी मुठीचे असे हलके हत्यार एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन कारागिराने १९३६ साली कॅलिफोर्नियात तयार केले. आजची हत्यारे बरीचशी त्याच घडणीची आहेत. या कामात धोका आहे तो उंचावरून पडण्याचा. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस सावध राहतो. काच पुसणाऱ्याला कोणी जात विचारत नाही. घरमालक त्याला दिवाणखान्यातून आत नेतो.

उघाडीचा चिखल

आता दुसऱ्या ओळीकडे वळू. गटार म्हणजे सांडपाणी किंवा पावसाचे पाणी वाहून नेणारी वाट. अशी वाट साफ करण्याचे काम या किनाऱ्याला नवे नाही. अलिबाग, पेण, उरण भागांतील खाडीकाठची भातशेती मुळी त्यावरच उभी आहे. खाडी आणि शेत यांमध्ये मातीचा बांध घालायचा आणि बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला आतले पावसाचे पाणी उघाडीतून खाडीत जाते. भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते आणि खारे पाणी बाहेरच राहते. उघाडी गाळाने तुंबली तर भात कुजते आणि झडप नीट मिटली नाही तर शेतात खारे पाणी शिरते.

हे बांध आणि उघाड्या पूर्वी गावकरीच राखत. त्यासाठी सर्वांनी मिळून राबायचे, याला ‘जोळ’ म्हणत. उधाणाने बांधाला खांड पडली की घरटी माणूस चिखलात उतरे. पुढे १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला, आणि या कामाचा मोठा भाग सरकारी यंत्रणेकडे गेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खाडीचा काळा चिखल ढवळला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड वायू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे काही जिवाणू या सल्फेटचा वापर करून सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि हा वायू तयार होतो. म्हणजे उघाडी साफ करणारा शेतकरीही दुर्गंधीतच, कमरेएवढ्या चिखलात उभा राहत होता. पण वर मोकळे आकाश होते, वायू वाऱ्यावर विरून जात होता, आणि त्या कामासाठी त्याला कोणी कमी लेखत नव्हते. चिखल काढणे हे काम मुळातच हलके मानले गेले होते असे म्हणता येत नाही. ते कोणत्या गटाराचे आणि कोणाच्या वाट्याला आलेले, यावर सारे ठरत होते.

दुसरे गटार

घरातील मैला वाहून नेण्याच्या कामाचा इतिहास अगदी निराळा आहे. ते काम ठरावीक जातींवर लादले गेले. मुंबईत त्यांना ‘हलालखोर’ म्हणत, आणि १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात या कामासाठी वसूल होणाऱ्या कराचे नावच ‘हलालखोर कर’ असे होते. जातीचे नाव करालाही चिकटले होते.

पाणी आणि जात यांचे नाते आपल्या जिल्ह्याला तरी नव्याने सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तो सार्वजनिक तळ्याच्या पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी. ज्या समाजात काहींना स्वच्छ पाण्याला हात लावायला मनाई होती, त्याच समाजात काहींना घाण पाण्यात हात घालण्याची सक्ती होती. या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. ही चौकट किती घट्ट होती ते शेजारच्या रत्नागिरीत दिसले. १९३२ साली तेथील तुरुंगात असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले, तेव्हा उच्च जातीच्या कैद्याला ते देण्यास तुरुंगाने नकार दिला. त्यासाठी त्यांना उपोषण करावे लागले आणि येरवड्याहून गांधीजींनीही त्यांना उपोषणाने साथ दिली. पुढे १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीमानाच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली.

तंत्रज्ञानाने हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटले. फ्रान्समध्ये मूरास यांनी १८८१ साली बंद मैलाटाकीचे पेटंट घेतले. इंग्लंडमधील एक्सिटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ साली तशी टाकी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव रूढ झाले. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात तर १८९७च्या सुमारास अशा टाकीतील वायू गोळा करून इंधन म्हणून वापरण्याची सोय होती. टाकीत मैला कुजतो, त्याचा गाळ होतो आणि रोजची डोक्यावरची वाहतूक थांबते. पण गाळ साठतच राहतो. तो कधीतरी कोणीतरी काढावाच लागतो. भूमिगत गटारांचे जाळे नसलेल्या किनाऱ्यावरच्या गावांत आणि बंगल्यांत आजही मुख्यतः अशाच टाक्या आहेत.

झाकणाखालचे रसायन

काच पुसणाऱ्या धंदेवाल्याला हे काम जोडावेसे वाटते ते साहजिक आहे. गिऱ्हाईक तेच, टेम्पो तोच, पाण्याची टाकी आणि पंपही बरेचसे तेच. काचेचे काम पावसात मंदावते आणि गटारे तुंबतात ती नेमकी पावसात. हिशेब बरोबर जुळतो.

पण काचेच्या कामात शिकलेली सावधगिरी इथे उपयोगी पडत नाही. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९, हायड्रोजन सल्फाइडचा ३४ आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड. बंद टाकीत ते खाली साचून राहतात आणि त्यांनी ऑक्सिजनची जागा घेतलेली असते. गाळात आणखी वायू अडकलेला असतो. सोडावॉटरची बाटली हलवल्यावर होते तसे काठीने गाळ ढवळताच तो एकदम बाहेर येतो. मिथेन या वायूंपेक्षा हलका, पण हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असले तर ठिणगीने स्फोट होतो. शिवाय खाडीजवळच्या टाकीत खारे पाणी झिरपत असेल तर सल्फेटचा पुरवठाही वाढतो.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वास. हायड्रोजन सल्फाइडचा वास हवेच्या दहा लाख भागांत एक भागापेक्षाही कमी असताना येतो. पण हे प्रमाण शंभराच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि धोका मात्र वाढलेला असतो. प्रमाण पाचशे ते हजारच्या दरम्यान गेले की शुद्ध हरपते, श्वास थांबतो. वर उभा असलेला सोबती त्याला काढायला धावतो आणि तोही कोसळतो. एकाच टाकीत दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या येतात त्यामागे बहुधा हाच क्रम असतो. खाडीच्या चिखलातला आणि टाकीतला वायू एकच. फरक आहे तो झाकणाचा.

कायदा काय सांगतो

हाताने मैला उचलण्यास आणि त्यासाठीचे कोरडे संडास बांधण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. गटारे आणि सेप्टिक टँक यांतील धोकादायक सफाई स्पष्टपणे बंदीच्या कक्षेत आली ती २०१३च्या कायद्याने. संरक्षक साधने न देता व सुरक्षिततेची काळजी न घेता माणसाला हाताने ही सफाई करायला लावणे हा आता गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही बंदी जशी नगरपालिकेला, तशीच खासगी धंदेवाल्याला आणि घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली.

तेव्हा पाटीवरची दुसरी ओळ वाईट आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. उलट तिच्यात एक चांगली शक्यता आहे. जन्माने या कामाशी न बांधलेला माणूस धंदा म्हणून ते घेतो, गाळ शोषून घेणारी गाडी आणि दाबाच्या पाण्याची नळी आणतो, झाकण उघडून टाकी वाऱ्यावर ठेवतो, वायू मोजतो, कोणालाही आत उतरवत नाही आणि कामाचा चोख दर लावतो. तसे झाले तर गटार साफ करणे हे काच पुसण्यासारखेच एक कसबाचे काम होईल. शंभर वर्षांपूर्वी हे अशक्य होते. पण तोच धंदेवाला काचेसाठी आपली माणसे ठेवून टाकीसाठी मात्र ठरावीक वस्तीतून कोणाला तरी बोलावणार असेल, तर पाटी नवी असली तरी व्यवस्था हलालखोर कराच्या काळातलीच आहे.

वर्गात करण्यासारखे

शाळा समुद्रकाठी असेल तर काचेचे दोन स्वच्छ तुकडे घ्यावेत. एक समुद्राकडच्या खिडकीबाहेर आणि दुसरा आतल्या बंद कपाटात पंधरा दिवस ठेवावा. दोन्ही थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात खळखळून ते पाणी आटवावे आणि उरलेला क्षार पाहावा. मोठ्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या सांडपाण्याची वाट मोरीपासून शेवटपर्यंत कागदावर काढावी. झाकणे फक्त दाखवावीत, उघडू मात्र नयेत. मग त्या नकाशाखाली दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : ही वाट तुंबली तर कोणाला बोलावतात? आणि त्यालाच का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुले लगेच आणतील. दुसऱ्यासाठी शिक्षकांनी एखादी तासिका राखून ठेवावी.