हलके शिबिरसाहित्य

हलके शिबिरसाहित्य म्हणजे पायी भटकंतीत मुक्कामासाठी पाठीवरून न्यावयाच्या तंबू, स्लीपिंग बॅग, चटई, स्टोव्ह, सॅक इत्यादी वस्तूंचा, वजन शक्य तितके कमी ठेवून तयार केलेला संच. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्यांना शब्दशः लागू पडते अशा दीर्घ पल्ल्याच्या पदभ्रमंती करणाऱ्यांत हे साहित्य विशेष वापरले जाते.

व्याख्या

अन्न, पाणी व इंधन वगळून उरलेल्या सामानाचे वजन ते 'मूळ वजन'. अमेरिकेतील रूढ संकेतानुसार मूळ वजन २० पौंडांपेक्षा (सुमारे ९ किलो) कमी असल्यास सामान हलके, तर १० पौंडांपेक्षा (सुमारे ४.५ किलो) कमी असल्यास अतिहलके समजतात. हे आकडे काटेकोर नियम नव्हेत. लेखकागणिक ते थोडे बदलतात.

इतिहास

१९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या अमेरिकन महिलेने ३,००० किलोमीटरहून अधिक लांबीची अ‍ॅपलेशियन पायवाट एकटीने पूर्ण केली. तिच्याजवळ तंबू वा स्लीपिंग बॅग नव्हती. घरी शिवलेली कापडी पिशवी, ब्लँकेट आणि पावसापासून आडोशाला न्हाणीघरातील प्लॅस्टिकचा पडदा असे मोजके सामान होते. पुढे गिर्यारोहक रे जार्डिन यांनी १९९० च्या दशकातील आपल्या पुस्तकांतून हलक्या भटकंतीची पद्धतशीर मांडणी केली. शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी विकसित झालेले, आज डायनीमा या नावाने ओळखले जाणारे कापडही कालांतराने तंबू व सॅकसाठी वापरात आले.

फायदे

ओझे कमी झाल्याने, विशेषतः उतरणीवर, गुडघे व घोटे यांवरील ताण घटतो आणि दिवसाकाठी अधिक अंतर कापता येते. सामान हलके झाले की सॅकला जड सांगाडा लागत नाही, जाडजूड बुटांऐवजी साधे बूटही चालतात; म्हणजे एका वस्तूचे वजन घटल्याने दुसरीचेही घटते. उतारवयातील किंवा गुडघेदुखी असलेल्या व्यक्तींना मुक्कामाची भटकंती यामुळे शक्य होते, हा लाभ वेगाच्या चर्चेत अनेकदा दुर्लक्षित राहतो.

मर्यादा

या साहित्याची खरी कसोटी ओलाव्यात लागते. पिसांची स्लीपिंग बॅग वजनाच्या मानाने अत्यंत उबदार असते. परंतु ऊब देते ती पिसांत अडकलेली हवा. भिजलेली पिसे एकमेकांना चिकटतात, बॅग चपटी होते आणि ऊब जवळजवळ नाहीशी होते. एकपदरी तंबूत श्वासातील बाष्प थंड कापडावर आतून साचते व त्याचे थेंब अंथरुणावर पडतात. बाहेर पाऊस नसतानाही बॅग ओली होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. नायलॉनचे कापड ओले झाल्यावर सैल पडत असल्याने रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पाऊस व वारा एकत्र आल्यास तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरू शकते. अशा वेळी, वजन वाचवण्यासाठी घरी ठेवलेला कोरड्या कपड्यांचा जोडच निर्णायक ठरतो.

पातळ कापड काट्याकुट्यांनी व खडकांनी लवकर फाटते आणि सतत उन्हात राहिल्यास नायलॉन कमकुवत होते. हवा भरावयाची चटई आरामदायी खरी, पण एका छिद्राने निरुपयोगी होते. फोमची चटई आकाराने अवजड असली तरी फाटूनही काम देते. चालण्याच्या काठ्यांवर उभारावयाच्या तंबूत तंबूच्या खांबांचे वजन वाचते, मात्र काठी मोडली की निवाराही जातो. स्पिरिटचा छोटा स्टोव्ह वाऱ्यात मंदावतो व त्याची ज्योत दिवसा सहज दिसत नाही. किंमतही मोठी अडचण आहे. शेवटचे काहीशे ग्रॅम कमी करणे सर्वांत महाग पडते. त्यामानाने अनावश्यक वस्तू घरी ठेवण्यास काहीच खर्च नाही, याचा विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत क्वचितच उल्लेख असतो.

सह्याद्रीतील उपयोग

लडाखसारख्या कोरड्या, थंड प्रदेशात पिसांची बॅग उपयुक्त ठरते; सह्याद्रीच्या पावसाळ्यात मात्र कृत्रिम तंतूंची, थोडी जड बॅग अधिक भरवशाची. राजगडावरील पद्मावती मंदिर किंवा हरिश्चंद्रगडावरील गुहा यांत मुक्काम करण्याची गिर्यारोहकांची जुनी रीत होती, त्यामुळे येथे तंबू नेहमीच लागत नसे. उन्हाळ्यात हिशेब उलटा होतो. गडांवरील अनेक टाकी आटतात वा पाणी पिण्याजोगे राहत नाही, त्यामुळे प्रत्येकी तीन-चार लिटर पाणी वाहावे लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. मूळ वजनात न मोजले जाणारे हे ओझे बहुतेक हलक्या तंबूंच्या वजनाहून अधिक भरते.