धूर, कण आणि आकडा: मणिकर्णिकेच्या हवेचे मोजमाप

मणिकर्णिका घाटावरील चितेचा धूर शतकानुशतके पाहिला गेला. तो मोजण्याची कल्पना मात्र अर्वाचीन आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ज्याच्या जीर्णोद्धाराला हातभार लावला, तो हा घाट मराठी भाविकांच्या काशीयात्रेत मोक्षस्थान म्हणून येतो. तेथे धूर हे देह पंचत्वात विलीन झाल्याचे चिन्ह आहे. विज्ञानाच्या परिभाषेत तोच धूर ‘कण’ ठरतो. हे अर्थांतर कसे घडले, हे मोजमापाच्या इतिहासातून स्पष्ट होते.

धूर मोजण्याचे आरंभीचे साधन डोळा हेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिंगेलमान यांच्या तक्त्यातील करड्या छटांशी धुराड्याचा धूर ताडून पाहिला जाई. बंगालचा 1905 चा आणि मुंबईचा 1912 चा धूरविषयक कायदा गिरण्या-कारखान्यांच्या अशाच दृश्य धुरापुरता होता. पुढे डोळ्याची जागा तराजूने घेतली. ठरावीक गतीने हवा गाळणकागदातून ओढायची, कागदाचे आधीचे व नंतरचे वजन घ्यायचे आणि त्यांतील फरकाला हवेच्या घनफळाने भागायचे, ही ती रीत. नागपूरच्या ‘नीरी’ने 1978 पासून प्रमुख शहरांत अशी मोजणी चालविली, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जाळे 1984 मध्ये आग्रा व अनपरा येथील 7 केंद्रांपासून सुरू झाले.

1994 च्या मानकांनी हवेचे वाचन स्थानानुसार केले. तरंगत्या कणांची वार्षिक मर्यादा औद्योगिक क्षेत्रासाठी 360, निवासी क्षेत्रासाठी 140 आणि संवेदनशील क्षेत्रासाठी 70 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी होती. वस्ती, व्यापार, तीर्थ आणि अखंड अग्नी एकत्र नांदणारी मणिकर्णिका यांपैकी कोणत्याच एका कप्प्यात सहज बसत नाही. 2009 च्या मानकांनी कणांपुरता हा भेद मिटवला: पीएम 10 साठी 60, पीएम 2.5 साठी 40. कसोटी आता स्थळाची नव्हे, फुप्फुसाची झाली. कारण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा कण फुप्फुसात खोलवर पोहोचतो.

तथापि, वजन उगम सांगत नाही. लाकडाच्या धुराची ओळख पोटॅशियम व लेव्होग्लुकोसान यांवरून, तर मातीची सिलिकॉन व अॅल्युमिनियम यांवरून पटते. अशा रासायनिक विश्लेषणाशिवाय दोष नेहमी डोळ्यांना दिसणाऱ्या चितेवर येतो आणि वाहने, रस्त्यावरची धूळ वा दूरची धुराडी दृष्टीआड राहतात. वाराणसी 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात समाविष्ट झाली, तेव्हा हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहिला नाही, धोरणाचाही झाला.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. परिसराची प्रातिनिधिक हवा मिळावी म्हणून मोजणी-केंद्रे थेट उगमापासून दूर ठेवली जातात. साहजिकच रात्रंदिवस चितेशेजारी राबणाऱ्या डोम समाजाचा श्वास शहराच्या सरासरीत उमटत नाही. पारंपरिक श्रद्धेने धुरात मोक्ष वाचला, आकड्याने त्यात वजन वाचले. अग्नी राखणारा माणूस दोन्ही वाचनांच्या समासातच राहिला.