फुटबॉल प्रेक्षकांतील वर्णद्वेष

कृष्णवर्णीय खेळाडूकडे चेंडू गेला की माकडाचे आवाज काढणे, केळी फेकणे, वर्णावरून सामूहिक शिवीगाळ करणे, हे फुटबॉलच्या प्रेक्षकांमधील जुने दुखणे. इंग्लंडमध्ये १९७० व ८० च्या दशकांत ते सर्रास चाले. १९८८ मध्ये एव्हर्टनच्या मैदानावर लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सने पायाशी पडलेले केळे टाचेने सीमारेषेबाहेर उडवले. ते छायाचित्र गाजले. १९९१ च्या कायद्याने तेथे वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरल्या. पण एकट्याने दिलेली घोषणा त्यात बसत नव्हती. ही विचित्र पळवाट १९९९ मध्ये बुजवण्यात आली.

३ जानेवारी २०१३ रोजी इटलीत प्रो पात्रिया संघाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात मिलानच्या केव्हिन-प्रिन्स बोआटेंगने प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी घोषणांना वैतागून चेंडू थेट गॅलरीत मारला, जर्सी काढली आणि मैदान सोडले. अख्खा संघ त्याच्यामागे गेला. युरोपीय फुटबॉल महासंघाची सामना थांबवणे, तहकूब करणे व अखेर रद्द करणे ही त्रिस्तरीय पद्धत तेव्हा अस्तित्वात होतीच. पण पंच शेवटची पायरी क्वचितच गाठतात.

मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर रेआल माद्रिदच्या विनिसियसला असाच छळ सोसावा लागला. त्याने छळणाऱ्यांकडे बोट दाखवले, सामना थांबला, आणि अखेरीस लाल कार्ड मिळाले ते त्यालाच! पुढे ते रद्द झाले. जून २०२४ मध्ये तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांची कैद व दोन वर्षांची मैदानबंदी झाली. स्पेनमधील अशी ही पहिलीच शिक्षा.